वॉर्डातल्या शब्दांची यादी कशी करायची: परिचर्या (नर्सिंग) संज्ञांचं प्रमाणीकरण पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या रुग्णालयात केसपेपर संगणकावर गेले, त्यानंतर काही महिन्यांनी मॅट्रनबाईंनी एक साधा प्रश्न विचारला: गेल्या महिन्यात किती रुग्णांना पाठीला दाबाची जखम झाली? संगणकाने दिलेला आकडा ऐकून मेडिसिन वॉर्डाच्या आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. त्याहून कितीतरी जास्त रुग्णांचं ड्रेसिंग आम्ही स्वतःच्या हातांनी केलं होतं. एकेक नोंद उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. कुणी ‘बेडसोअर’ लिहिलं होतं, कुणी ‘प्रेशर अल्सर’, कुणी ‘पाठीला जखम’, आणि एका नोंदीत नुसतं ‘बॅक लाल’. संगणकाने त्यातला एकच शब्द मोजला होता. बाकीचे रुग्ण आणि त्यांच्यासाठी केलेलं काम हिशेबातून गळून गेलं होतं.

त्यानंतर संज्ञांची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं. कुठून सुरुवात करायची हे सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि पहिले सहा महिने मी उलट्या क्रमाने काम केलं: आधी कोड (संगणकासाठी प्रत्येक संज्ञेला दिलेले ठरावीक क्रमांक) शोधले, मग शब्द बसवले, आणि अर्थाचा विचार सगळ्यात शेवटी केला. तुमच्यावर हे काम नव्याने आलं असेल तर क्रम असा ठेवा: आधी अर्थ, मग शब्द, मग कोड.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- रुग्णालय प्रमुखांची लेखी परवानगी. जुने केसपेपर चाळायचे असतील तर नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, फोन काढून टाकलेल्या प्रतीच वापरा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण तो नसता तरी हे करायलाच हवं होतं.
- युनिकोड मराठी टाइप करता येणारा संगणक आणि एक्सेल किंवा लिबरऑफिस.
- स्नोमेड सीटीचा परवाना. ही आरोग्यसेवेतल्या संज्ञांची, प्रत्येकीला कोड दिलेली आंतरराष्ट्रीय यादी आहे. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे इथे वापरायला शुल्क नाही, फक्त नोंदणी करावी लागते. आपलं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे.
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशाच्या परिचर्या ज्ञानमंडळाच्या नोंदी.
- चार माणसं: वॉर्डात रोज ड्युटी करणारी एक अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), एक परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर), नर्सिंग कॉलेजमधली एक शिक्षिका आणि संगणक विभागातलं एक माणूस. डॉक्टर सल्ल्याला हवेत, पण यादी परिचर्येची आहे, तेव्हा शेवटचा शब्द परिचारिकांचा.

१. एकच विषय निवडा

‘संपूर्ण परिचर्येची यादी’ असा संकल्प करू नका. आम्ही तसा केला आणि त्वचेपासून श्वासापर्यंत सगळं अर्धवट राहिलं. एक विषय घ्या: दाबाच्या जखमा, सलाईनची जागा, पडण्याचा धोका किंवा वेदना. पन्नास-साठ संज्ञांचं काम पूर्ण झालं की पुढचा विषय आपोआप सोपा जातो.

यादी कोणासाठी, हेही आत्ताच ठरवा. पडद्यावर सिस्टरला निवडायला दिसणारा शब्द छोटा आणि ओळखीचा हवा. संगणकात आत साठणारी संज्ञा नेमकी हवी, मग ती लांब असली तरी चालेल. कोशातली नोंद विद्यार्थ्याला समजेल अशी हवी. या तिघांसाठी एकच शब्द वापरायचा हट्ट धरला की तिन्ही बिघडतात. एका संकल्पनेखाली तीन रकाने ठेवा.

२. शब्द वॉर्डातून गोळा करा

कोश उघडून बसू नका. सकाळच्या ड्युटीचा ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला रुग्णांची माहिती देणं, चालू असतो तिथे वही घेऊन उभे राहा. रात्रपाळीची सिस्टर काय म्हणते, रुग्ण काय म्हणतो, नातेवाईक काय म्हणतात, सगळं जसंच्या तसं लिहा. ‘शुश्रूषा’ या आपल्या जुन्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. या टप्प्यावर नेमकं तेवढंच करायचं.

आम्हाला फक्त सलाईनच्या जागेबद्दल काय काय सापडलं पाहा. ‘इंट्राकॅथ टाकली’, ‘व्हेनफ्लॉन टाकलं’, ‘लाइन घेतली’, ‘सुई लावली’, या सगळ्यांचा अर्थ शिरेत कॅन्युला घातली. पहिली दोन तर कंपन्यांची नावं, दुसऱ्याच कंपनीचा माल आला तरी तोंडात तीच. आणि ‘सलाईन आउट गेलं’ म्हणजे? कधी द्रव शिरेबाहेर झिरपून हात फुगलेला असतो, कधी शीर सुजून लाल-गरम झालेली असते, कधी कॅन्युलाच निघून आलेली असते. तीन वेगळ्या घटना आहेत, तिघींवर करायचं काम वेगळं, आणि नोंद एकच.

संक्षेपांची वेगळी यादी करा, कारण सगळ्यात धोका तिथे आहे. ‘पीआर’ म्हणजे नाडीचे ठोके की गुदमार्गाने द्यायचं औषध? ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट की हृदयाची झडप अरुंद झालेला रुग्ण? इन्सुलिनच्या पुढे ‘युनिट’साठी नुसतं इंग्रजी यू हे अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. असे संक्षेप यादीत पर्याय म्हणूनही घेऊ नका. पूर्ण शब्दच ठेवा.

३. अर्थ ठरवा, इथे घाई करू नका

आमचा निम्म्याहून अधिक वेळ या पायरीवर गेला आणि तो सार्थकी लागला.

‘चक्कर’ घ्या. एका रात्री ओव्हरमध्ये ‘चक्कर आली होती’ एवढंच सांगितलं गेलं. पुढच्या पाळीने ते नुसतं गरगरणं असेल असं धरलं, रुग्णाला एकटं संडासला जाऊ दिलं, आणि तो पडला. प्रत्यक्षात आदल्या पाळीत तो काही क्षण बेशुद्ध झाला होता. मराठीत डोकं हलकं वाटणं, सगळं भोवती फिरणं आणि शुद्ध हरपून पडणं या तिन्हींना ‘चक्कर’ म्हणतात. स्नोमेडमध्ये त्या तीन स्वतंत्र संकल्पना आहेत: ३८६७०५००८, ३९९१५३००१ आणि २७१५९४००७. आमच्या यादीत आता ‘चक्कर’ हा शब्द शोधता येतो, पण निवडता येत नाही. तो टाइप केला की तीन पर्याय समोर येतात: ‘डोकं हलकं वाटणं’, ‘गरगरणं’, ‘शुद्ध हरपणं’. सिस्टरला एक प्रश्न जास्त विचारावा लागतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. मराठी ‘मळमळ’ आणि ‘उलटी’ व्यवस्थित वेगळ्या ठेवते, तरी घाईत ‘उलटीसारखं होतंय’ याची नोंद ‘उलटी’ अशी होते. ‘लघवी होत नाही’ म्हणजे मूत्राशय भरलेलं आहे पण सुटत नाही, की लघवी तयारच होत नाही? पहिल्यात कॅथेटरचा विचार होतो, दुसऱ्यात मूत्रपिंडाचा. ‘जुलाब’ म्हणजे आजार की पोट साफ होण्यासाठी दिलेलं औषध? ‘जुलाब दिला’ आणि ‘जुलाब झाले’ या दोन वाक्यांत क्रियापद गाळलं की काहीच उरत नाही.

प्रत्येक संकल्पनेसाठी चार गोष्टी लिहा: एका वाक्यात व्याख्या, त्यात काय येतं, त्यात काय येत नाही, आणि खाटेजवळ ती ओळखायची कशी. दाबाच्या जखमेचं उदाहरण देते. ‘पहिला टप्पा’ म्हणजे त्वचा अखंड, पण बोटाने दाबल्यावर पांढरा न होणारा लालसरपणा. परदेशी व्याख्येचं भाषांतर करून आम्ही एवढंच लिहिलं आणि थांबलो. मग आमच्यातल्या एका अनुभवी परिसेविकेने विचारलं, ‘आपल्या सावळ्या रुग्णांच्या पाठीवर लाल दिसतं का?’ दिसत नाही. तिथे त्वचेचा रंग भोवतीपेक्षा गडद झालेला असतो, हाताला गरम किंवा गार, कडक किंवा भुसभुशीत लागतं. ती ओळ व्याख्येत घातली नसती तर यादी आमच्याच माणसांसाठी निकामी ठरली असती. ‘यात येत नाही’ या रकान्यात लघवी-शौचाच्या ओलाव्याने सोललेली त्वचा लिहिली, कारण या दोन गोष्टींची सर्वात जास्त सरमिसळ होते.

आणखी एक सवय लावून घ्या. नाम एकटं ठेवू नका. ‘कॅथेटर’ म्हणजे वस्तू, ‘कॅथेटर घालणे’ म्हणजे कृती, ‘कॅथेटर आहे’ म्हणजे रुग्णाची स्थिती. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८१०४ मध्ये परिचर्येच्या संज्ञांची घडण दिली आहे, तिचा गाभा वापरायला सोपा आहे. परिचर्या निदानात, म्हणजे रुग्णाच्या स्थितीबद्दल परिचारिकेने काढलेल्या निष्कर्षात, दोन भाग हवेत: कशाबद्दल आणि त्याबद्दल काय निर्णय. ‘त्वचेची अखंडता’ आणि ‘बाधित’. परिचर्या कृतीतही दोन: काय केलं आणि कशावर. ‘बदलणे’ आणि ‘कूस’. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ओळीला हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती ओळ अजून कच्ची आहे.

४. मराठी शब्द निवडा

कोशात ‘शय्याव्रण’ आहे. शब्द सुंदर आहे, पण व्हीलचेअरवर बसून राहिलेल्या माणसाला किंवा प्राणवायूच्या मास्कमुळे नाकावर जखम झालेल्याला तो लागू पडत नाही, तिथे शय्या नाहीच. इंग्रजीतही ‘बेडसोअर’ मागे पडून ‘प्रेशर अल्सर’ आलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने ‘प्रेशर इंज्युरी’ स्वीकारलं, कारण पहिल्या टप्प्यात व्रण नसतोच. आम्ही ‘दाबाची जखम’ मुख्य शब्द ठेवला आणि ‘शय्याव्रण’, ‘बेडसोअर’, ‘प्रेशर अल्सर’ हे सगळे समानार्थी म्हणून खाली घेतले. कुणीही आपल्या सवयीचा शब्द टाइप केला तरी एकाच जागी पोचतो.

निवडताना मी तीन गोष्टी बघते. नव्याने आलेल्या सिस्टरला शब्द न समजावता कळतो का? रुग्णासमोर मोठ्याने म्हणता येतो का? आणि त्याचं क्रियापद बनतं का? तिसरी कसोटी फार उपयोगी आहे. ‘कूस बदलणे’ यात काम दिसतं. ‘स्थितिपरिवर्तन’ यात दिसत नाही.

जिथे इंग्रजीच रुळलं आहे तिथे भांडू नका. सलाईन, ड्रेसिंग, कॅथेटर, एनिमा हे मराठीच समजा. पण वेदनेच्या बाबतीत आपल्या भाषेची श्रीमंती वाया घालवू नका: ठणका, कळ, चमक, आग, टोचणी, मुरडा. रुग्ण हेच सांगतो आणि प्रत्येक शब्दाचा रोख वेगळा असतो. नुसतं ‘पेन प्लस’ लिहिलं की ते सगळं जातं.

‘ऐकत नाही’, ‘सहकार्य करत नाही’ असे शेरे यादीत घेऊ नका. ‘औषध घेतलं नाही, कारण: मळमळ’ असं लिहायची सोय करा.

विश्वकोशासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या कोशासाठी लिहीत असाल तर मुख्य शब्दाखालीच नोंद लिहा आणि बाकी शब्दांपुढे ‘पहा’ एवढं द्या. विद्याशाखेसाठी ‘परिचर्या’, व्यक्तीसाठी ‘परिचारिका’ आणि ‘परिचारक’ असा भेद पाळा. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही शासकीय पदनामं आहेत; कामांची नावं म्हणून ती वापरू नका.

५. आता कोड

कोणती पद्धत घ्यायची, हा प्रश्न इथे येतो. परिचर्या निदानांची यादी करायचं काम १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुइस इथल्या परिषदेत सुरू झालं, त्यातून नांदा ही संस्था उभी राहिली. आपल्या कॉलेजात केअर प्लॅन शिकवतात तो बहुतेक तिच्याच भाषेत. मात्र नांदाच्या संज्ञा संगणकप्रणालीत घालायला परवाना लागतो. ‘पुस्तकातून टाइप करून घेऊ’ असं कुणी म्हटलं तर थांबवा. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९८९ मध्ये सोल इथे ठराव करून स्वतःचं वर्गीकरण सुरू केलं, ते आयसीएनपी. २०२१ पासून ते स्नोमेडची संस्थाच प्रसिद्ध करते आणि त्याचा संच स्नोमेड सीटीमध्ये मिळतो. भारताच्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांतही स्नोमेड सीटीच आहे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला: स्नोमेड घ्या आणि त्यात आयसीएनपीच्या संचापासून शोधायला लागा. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब अशा मोजमापांच्या नावांसाठी लॉइंक ही वेगळी कोडयादी आहे. शरीराचं तापमान तिथे ८३१०-५, हृदयाचे ठोके ८८६७-४.

शोधताना पूर्ण नाव वाचा. स्नोमेडमध्ये प्रत्येक पूर्ण नावाच्या शेवटी कंसात प्रकार दिलेला असतो: आजार, आढळलेली गोष्ट, कृती, वस्तू वगैरे. नाव जुळलं पण प्रकार चुकला, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. आम्ही ‘दाबाची जखम’ याला ३९९९१२००५ दिला तो बरोबर होता, पण ‘दाबाच्या जखमेचा धोका’ यालाही तोच देऊन बसलो होतो. धोका असलेला प्रत्येक रुग्ण जखमी मोजला गेला असता.

जोडणी कशी झाली हेही एका रकान्यात लिहा: तंतोतंत, आपला अर्थ अरुंद, आपला अर्थ व्यापक, किंवा जुळत नाही. ‘जुळत नाही’ लिहायला संकोच करू नका. जवळचा म्हणून चुकीचा कोड चिकटवला की तो पुढे कुणालाच ओळखू येत नाही. प्रत्येक जोडणी दोघींनी एकमेकींचं न पाहता करावी आणि मग ताडून बघावी. स्नॅप-टू-स्नोमेड हे याच कामाचं मोफत साधन आहे. मराठी भाषांतर बाहेर प्रसिद्ध करायचं असेल तर राष्ट्रीय केंद्राशी आधी बोला.

६. संगणकातले खड्डे

हे कुणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा.

एक्सेलमध्ये कोडचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतो, पुढच्यांचे शून्य करतो. स्नोमेडचे कोड १८ अंकांपर्यंत जातात, विशेषतः देशांच्या विस्तारातले. शेवटचे अंक शून्य झालेले पाहून मी एक अख्खी फाइल पुन्हा केली आहे.

श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या याद्या तशाच चिकटवू नका, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

‘ॲलर्जी’ आणि ‘अॅलर्जी’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. संगणकाला ते वेगळे आहेत: पहिल्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यात ‘अ’वर चंद्र दिला आहे. रुग्णाच्या ॲलर्जीची नोंद शोधताना ती न सापडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ‘ऱ’ही दोन प्रकारे टाइप होतो. युनिकोडच्या एनएफसी नियमाने ‘ऱ’ एकसारखा होतो, ‘ॲ’ मात्र होत नाही. त्यासाठी संगणक विभागाकडून वेगळा नियम लिहून घ्या. तसंच ‘मूत्र’ आणि ‘मुत्र’ अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधात चालवून घ्यायला सांगा. रात्री तीन वाजता शुद्धलेखन तपासायला कुणाला वेळ नसतो.

७. खाटेजवळ तपासा

नाव काढलेले वीस जुने केसपेपर घ्या. दोन वेगळ्या पाळ्यांतल्या सिस्टरना तुमच्या यादीतून संज्ञा निवडायला सांगा. त्यांची उत्तरं जिथे वेगळी येतील तिथे दोष सिस्टरचा धरू नका, व्याख्येचा धरा. शब्द सापडायला किती वेळ लागला हेही बघा. लांबलचक यादी खाली ओढत बसावं लागलं तर त्या ‘इतर’ निवडतील. म्हणून ‘इतर’ ठेवायचंच असेल तर त्यापुढे लिहायला जागा सक्तीची करा आणि दर आठवड्याला ते वाचा. पुढच्या आवृत्तीच्या संज्ञा तिथूनच मिळतात.

८. यादी सांभाळा

पहिल्या पानावर आवृत्ती, तारीख आणि सूचना कोणाकडे द्यायच्या ते लिहा. चुकलेली संज्ञा पुसू नका. ‘निष्क्रिय’ करा आणि तिच्याऐवजी कोणती वापरायची ते लिहा. जुन्या रुग्णांच्या नोंदी तिच्याशी बांधलेल्या असतात. एकदा वापरलेला आपला क्रमांक दुसऱ्या संज्ञेला कधीही देऊ नका. स्नोमेडची नवी आवृत्ती घेतली की आपल्यातले कोणते कोड निष्क्रिय झाले ते आधी तपासा.

काही शब्द कशातच बसत नाहीत. ‘जीव घाबरा होतोय’ हा आमच्याकडचा. कुणासाठी ती छातीतली धडधड असते, कुणाला श्वास पुरत नसतो, कुणाला भीती वाटत असते, आणि कधी साखर उतरलेली असते. त्याला एक कोड द्यायचा प्रयत्न आम्ही दोनदा केला आणि दोन्ही वेळा सोडला. आता तो रुग्णाच्याच शब्दांत अवतरणात नोंदवला जातो, आणि ते लिहिताच पडद्यावर चार गोष्टी विचारल्या जातात: नाडी, श्वास, प्राणवायूची पातळी, ग्लुकोमीटरवरची साखर. जे आढळेल त्याला कोड मिळतो. रुग्णाचं वाक्य आहे तसं वर राहतं.